पोरगं परदेशात अडकलं, तर एम्बसीतला माणूस नेमकं काय करतो?

गावात कुणाचा पोरगा आखातात अडकला की पहिला फोन आमदाराला जातो. दुसरा खासदाराला. मग एकीकरण समितीतल्या कुणाला, मग मुंबईत मंत्रालयात वट असलेल्या एखाद्या पाहुण्याला. शेवटचा फोन ज्या एजंटानं पोराला धाडलं त्याला, आणि त्याचा मोबाइल तोवर बंद झालेला असतो. आपल्या सीमाभागात ह्याला आणखी एक फाटा फुटतो: बंगळूरला धरायचं की मुंबईला? १९५६ पासून हा प्रश्न उशाशी घेऊन झोपल्यामुळं संकट आलं की मन आधी तिकडंच धावतं.

परदेशातल्या अडचणीत मात्र ह्या धावपळीला फारसा अर्थ नसतो. बेळगाव-खानापूरचा पासपोर्ट बंगळूरच्या कार्यालयाखाली येतो, चंदगड-गडहिंग्लजचा पुण्याच्या, एवढाच काय तो फरक. विमानात बसल्यावर तोही संपतो. कुणाचंही शिफारसपत्र घ्या, ते दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात जातं आणि तिथून एकाच टेबलावर येऊन पडतं: त्या देशातल्या भारतीय वकिलातीत, म्हणजे आपण ज्याला एम्बसी म्हणतो तिथं, कॉन्सुलर, म्हणजे नागरिकांची कामं बघणाऱ्या, किंवा कम्युनिटी वेल्फेअर विभागात बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर. हा माणूस काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि त्याचं काम कुठं अडतं, एवढं कळलं तर घरच्यांचे पहिले चार दिवस वाया जात नाहीत.

आधी टेबल कुठलं ते. देशाच्या राजधानीत एम्बसी असते, आणि दुसऱ्या मोठ्या शहरात गरज असेल तर कॉन्सुलेट. सौदीत रियाधला एम्बसी आहे, जेद्दाला कॉन्सुलेट. पोरगा दम्मामला असेल तर रियाध, मक्का-मदिनेकडं असेल तर जेद्दा. यूएईत अबू धाबी आणि अल ऐनचं काम अबू धाबीची एम्बसी बघते. दुबई, शारजा, अजमान वगैरे दुबईच्या कॉन्सुलेटकडं. चुकीच्या ठिकाणी ईमेल गेला तर तो पुढं पाठवला जातो खरा, पण दिवस जातात. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हेही इथं बसून पटकन ध्यानात येत नाही. शुक्रवारी सकाळपासून फोन लावून ‘कोणी उचलत नाही’ म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी माणसं मी पाहिली आहेत. रात्रंदिवस चालू असलेला आपत्कालीन नंबर प्रत्येक वकिलातीच्या वेबसाइटवर असतो, तो वेगळा.

आता अधिकाराचं बघू. घरच्यांची कल्पना अशी असते की एम्बसीचा साहेब गाडी काढून जाईल, मालकाला दम देईल आणि पोराला घेऊन येईल. साहेबाची जागा तिथं सासरी नांदणाऱ्या बहिणीच्या भावाची असते. भाऊ भेटायला जाऊ शकतो, चार गोष्टी सुनावू शकतो, बैठक बसवू शकतो, बहिणीच्या बाजूनं वकील उभा करू शकतो. पण त्या घरात हुकूम त्याचा चालत नाही. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारात कॉन्सुलर अधिकाऱ्यानं आपल्या नागरिकांना मदत करावी असं कलम ५ सांगतं, आणि त्याच करारातलं कलम ५५ बजावतं की त्या देशाचे कायदे पाळा, त्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नका. वकिलातीतली सगळी नोकरी ह्या दोन कलमांच्या मधल्या जागेत चालते.

ह्याच करारातलं कलम ३६ आपल्या माणसांनी पाठ करून ठेवावं असं आहे. परदेशात पोलिसांनी पकडलं तर ‘तुला तुझ्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे’ हे त्यांनी सांगायला हवं. आरोपीनं मागणी केली तर विनाविलंब कळवायला हवं. त्यानंतर आपल्या अधिकाऱ्याला तुरुंगात जाऊन भेटण्याचा, बोलण्याचा आणि वकील मिळवून देण्याची व्यवस्था करण्याचा हक्क मिळतो. कुलभूषण जाधव प्रकरण ह्याच कलमावर लढलं गेलं. पाकिस्ताननं त्यांना पकडल्यावर भारताला कळवायला तीन आठवडे लावले, आणि भेटू तर दिलंच नाही. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा कराराचा भंग असल्याचा निकाल दिला. पण निकाल नीट वाचला तर दिसतं, न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि वकिलातीला भेटू द्या, एवढंच म्हटलं. ह्या हक्काची मर्यादाही त्यातच आली.

‘आरोपीनं मागणी केली तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भाषा न कळणारा, घाबरलेला पोरगा पुढं केलेल्या कागदावर सही करतो आणि वकिलातीचं नावच काढत नाही. म्हणून जाणाऱ्याला एवढं एक वाक्य इंग्रजीत तोंडपाठ करून द्या: मला भारतीय वकिलातीशी बोलायचं आहे. आणखी एक. तुरुंगात भेटून आल्यावर अधिकारी घरच्यांना सगळं सांगेलच असं नाही. कैदी म्हणाला ‘घरी कळवू नका’, तर त्याला गप्प बसावं लागतं. बाहेर बसलेल्या बापाला तो टाळाटाळ करतोय असं वाटतं.

शिक्षा झालीच तर? जामीन, माफी, शिक्षा कमी करणं हे त्या देशाच्या हातात. उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगण्याची सोय मात्र आहे. आपला त्यासाठीचा कायदा २००३ चा आहे, आणि सौदी, यूएई, कतार, कुवेत ह्यांच्याशी तसे करारही आहेत. कैद्याची आणि दोन्ही सरकारांची संमती लागते, त्यामुळं हे काम महिन्यांचं नाही, वर्षांचं.

पण खून-चोरीच्या भानगडी कमीच. आखातातल्या वकिलातीत रोजचा रगाडा असतो तो पगाराचा. चार महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडं, इकामा संपलेला. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आणि तो काढून देणारा मालक म्हणजे कफील. पासपोर्टबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: आपल्या १९६७ च्या कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकानं तो कपाटात कोंडून ठेवणं त्या देशांच्या नियमांतही बसत नाही. वकिलातीचं पत्र गेलं की बऱ्याच वेळा पासपोर्ट निमूट परत येतो. पगाराचं तसं नाही. अधिकारी मालकाला फोन करतो, पत्र लिहितो, तिथल्या कामगार खात्याला कळवतो. पण तक्रार अर्जावर सही कामगाराचीच लागते. ती न करता ‘एम्बसी बघून घेईल’ म्हणून खोलीवर बसून राहणारे खूप.

ह्यात सगळ्यात वाईट पाऊल म्हणजे कंटाळून पळून जाणं. सौदीत मालकानं ‘कामगार पळाला’ अशी नोंद केली की त्याला हुरूब म्हणतात. हुरूब लागला की माणूस बेकायदा ठरतो: दुसरीकडं काम नाही, सरळ मार्गानं मायदेशी येणंही नाही. मग तरहील, म्हणजे हद्दपारीचं केंद्र, दंड, बोटांचे ठसे आणि पासपोर्ट नसेल तर वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट. एकाच प्रवासापुरत्या ह्या कागदाला आखातातले लोक ‘आउटपास’ म्हणतात. वकिलात आउटपास देते. देशाबाहेर पडण्याची परवानगी मात्र तिथलं सरकार देतं. ‘आउटपास मिळाला, मग विमानात का बसवत नाहीत?’ ह्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच आहे. अधूनमधून ही सरकारं दंडमाफीची मुदत जाहीर करतात. यूएईनं २०२४ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर अशी दिली होती. अशा वेळी कॉन्सुलेटसमोर पहाटेपासून रांगा लागतात आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना घर दिसत नाही.

पैशाचा प्रश्न येतोच. एम्बसी पगाराची थकबाकी भरत नाही, कर्ज फेडत नाही. पण २००९ ला सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आता प्रत्येक वकिलातीकडं आहे. पासपोर्ट, व्हिसा वगैरे सेवांच्या शुल्काबरोबर घेतलेल्या छोट्या रकमेतून तो उभा राहतो. खरोखर गरजू माणसाला राहायला-जेवायला, तातडीच्या औषधोपचाराला, तिकिटाला, वकिलाला आणि मृतदेह घरी पोहोचवायला ह्यातून खर्च करता येतो. मागणाऱ्याची परिस्थिती तपासली जाते. बंगळुरात दोन फ्लॅट असलेल्याला तिकीट मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता मृत्यूचं. ह्यावर जरा थांबून लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ इथं होतो आणि त्यातला बराचसा आपल्या बाजूला होतो.

समजा, खानापूर तालुक्यातला एक गवंडी रियाधमध्ये झोपेतच गेला. मृतदेह सरकारी इस्पितळाच्या शीतगृहात जातो. वैद्यकीय अहवाल आणि पोलिसांचा कागद निघतो. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर तपास संपेपर्यंत काहीच हलत नाही. नैसर्गिक मृत्यू असेल तर पुढची किल्ली घरच्यांच्या हातात असते: संमतीपत्र. मृतदेह भारतात आणायचा की तिथंच दफन करायचा, आणि तिथली कामं करायला कुणाला अधिकार दिलाय, हे जवळच्या वारसानं नोटरीसमोर लिहून द्यायचं. सौदीत दहनाची सोय नाही, त्यामुळं हिंदू घरांतून ‘आणाच’ असंच येतं. हे पत्र मिळाल्याशिवाय वकिलात ना-हरकत दाखला देत नाही, आणि तो नसेल तर मृतदेहाची रासायनिक जपणूक, विमानाची पेटी, सीमाशुल्क ह्यातलं काही सुरू होत नाही.

हे पत्र कोर्टाच्या आवारात टाइप होतं. टायपिस्ट विचारतो नाव काय. चुलता रडत रडत सांगतो ‘मारुती पाटील’. पासपोर्टवर असतं मारुती परशराम पाटील. कागदावर ‘मारुती पी. पाटील’ छापून येतं, पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकतो, नोटरीचा शिक्का पडतो, व्हॉट्सअॅपवरून फोटो जातो आणि तिकडून परत येतो. दोन दिवस गेले. त्यातून बायको आणि सासू-सासरे ह्यांच्यात धुसफूस असेल तर दोन वेगवेगळी संमतीपत्रं जातात आणि अधिकारी हात वर करतो. बरोबर करतो. भाऊबंदकी सोडवणं हे वकिलातीचं काम नाही. म्हणून नियम साधा: पासपोर्टची झेरॉक्स टायपिस्टच्या समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. जुन्या पासपोर्टवर बेलगाम, नव्या आधारवर बेळगावी असं असतं. तेवढ्यावर कुणी अडवत नाही, पण माणसाच्या आणि बापाच्या नावावर अडवतात.

आणण्याचा खर्च आधी मालकानं करायचा असतो. कंपनीला तो चुकवता आला तर ती चुकवते, म्हणून वकिलातीची पत्रं जातात. अगदीच हात वर केले तर कल्याण निधी. पेटी गोव्यात उतरली तर चोर्ला घाटानं रुग्णवाहिका येते, मुंबई किंवा बंगळूरला उतरली तर महामार्गानं. विमानतळावर पेटी घेणाऱ्याचं नाव संमतीपत्रात असावं, आणि त्यानं स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवावं.

मग उरतात पैसे: थकलेला पगार, नोकरी संपल्यावर मिळणारी सेवेची रक्कम, कधी नुकसानभरपाई. त्यासाठी वारस दाखला लागतो. नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयात, गेलं की मृत्यूचा दाखला मागतात, आणि ग्रामपंचायत म्हणते मृत्यू आमच्या हद्दीत झाला नाही, आम्ही नोंद करणार नाही. पंचायत खरंच बोलते. परदेशातल्या मृत्यूची नोंद भारतीय वकिलातीत होते आणि तिचा दाखलाच इथं चालवायचा असतो. तो पेटीबरोबर आला नसेल तर लगेच मागून घ्या, सहा महिन्यांनी नव्हे. नाडकचेरीतला वंशवृक्ष, म्हणजे घरातल्या वारसांची नोंद असलेला कागद, कन्नडमध्ये निघतो. त्याचं इंग्रजी भाषांतर, मग साक्षांकनाचे शिक्के, मग तिकडं अरबी. तीन लिप्यांमधून नाव जाताना ते तेच राहिलं पाहिजे. आपल्याकडं घरटी कुणीतरी मराठी-कन्नड दोन्ही वाचणारा असतो. त्याला भाषांतर तपासायला बसवा.

आणि एक विमा. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. सगळे आखाती देश त्यात आले. ही मंजुरी घेताना प्रवासी भारतीय विमा योजना काढलेली असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख. पॉलिसीचा कागद पोराच्या बॅगेत तिकडं जातो आणि घरी कुणाला त्याचा पत्ता नसतो. फोटो काढून आईच्या किंवा बायकोच्या मोबाइलमध्ये ठेवा.

ह्यावरून कळेल की मंजुरी टाळून ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर बदलून देतो’ म्हणणारा एजंट नेमकं काय काढून घेतो. विमा गेला, करार गेला, आणि वकिलातीच्या हातातला निम्मा कागद गेला. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तेही पावतीनं. ई-मायग्रेट ह्या सरकारी वेबसाइटवर एजंटाचं नाव तपासता येतं. बँकॉकला ‘कॉम्प्युटरवर बसायची नोकरी’ सांगून म्यानमारच्या हद्दीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेली पोरं ह्याच वाटेनं गेली. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

बॅगेबद्दल एक सांगून टाकतो. यूएई आणि सौदीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. आपल्याकडं मटणाच्या मसाल्यात ती असते, आणि दिवाळीचे अनारसे तर तिच्यावरच थापतात. आईनं डब्यात भरून दिलेल्या अनारशापायी पोरगं चौकशीच्या खोलीत बसू शकतं, आणि ‘आमच्याकडं हे फराळाचं असतं’ हे पटवून देणं वकिलातीलाही सोपं जात नाही. कुंदा द्या, बिनघोर द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथल्या परवानगीशिवाय देऊ नका. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी.

युद्धाच्या वेळच्या सुटका टीव्हीवर दिसतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. १९९० ला कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक अम्मानमार्गे आणले गेले, २०१५ ला येमेन, २०२२ ला युक्रेन, २०२३ ला सुदान. सुदानमध्ये कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे लोकही अडकले होते. विमानं आणि जहाजं डोळ्यांत भरतात, पण त्याआधी वकिलातीत कुणीतरी याद्या करत असतो: कोण, कुठल्या भागात, किती पाणी उरलंय, कुठल्या बसमध्ये बसवायचं. यादीत नाव नसलेला माणूस त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. शिकायला गेलेल्या पोरांनी पोहोचल्या आठवड्यात वकिलातीच्या वेबसाइटवर नोंदणी करावी. बहुतेक करत नाहीत.

तक्रार कुठं करायची? ‘मदद’ हे परराष्ट्र मंत्रालयाचं पोर्टल २०१५ पासून चालू आहे. घरचा कुणीही अर्ज भरू शकतो. प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा मोफत नंबर १८००११३०९० चोवीस तास चालू असतो. अर्जात रडगाणं कमी आणि माहिती जास्त हवी: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, क्रमांक, इकामा क्रमांक, कंपनीचं नाव, राहण्याची जागा, तिथला चालू फोन, काय झालं आणि कधीपासून. ‘सायेब, तेवढं पोराला आणा की’ हे वाक्य अधिकाऱ्याला दिवसातून अनेकदा ऐकावं लागतं. त्यावर त्याला काही करता येत नाही. इकामा क्रमांकावर येतं. आमदार-खासदारांचं पत्र वाईट नाही, पण ते मददच्या अर्जाला जोडून द्या, त्याच्या जागी नव्हे. आणि ज्यानं अमेरिकेचं किंवा दुसरं कुठलं नागरिकत्व घेतलंय, त्याच्यासाठी भारतीय वकिलातीचा हा हक्क उरत नाही, जन्म शहापूरच्या गल्लीतला असला तरी.

ह्या टेबलावर बसतं कोण, असं स्पर्धा परीक्षा देणारी आपली पोरं विचारतात. वरचे अधिकारी यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत आलेले. त्यांच्या हाताखाली फाइल पुढं ढकलणारे बरेचसे कर्मचारी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणून लागलेले, आणि जोडीला तिथंच नेमलेले अरबी जाणणारे दुभाषे. सीजीएलच्या पोरांना हे पद फक्त ‘फॉरेन पोस्टिंग’ म्हणून माहीत असतं. प्रत्यक्षात शवागारात ओळख पटवणं, तुरुंगाच्या फेऱ्या, रात्री दोनचे फोन आणि घरच्यांच्या शिव्या हेही त्यात येतं. मराठी, कन्नड, हिंदी आणि थोडी कोंकणी बोलणारा बेळगावकर तिथं फार कामाचा ठरेल, कारण खानापूरची आई हिंदीत फक्त ‘हां जी’ म्हणते आणि खरं काय ते मराठीतच सांगते.

ही माणसं साधारण तीन वर्षांनी बदलून जातात. तुमची केस वर्षभर चालली तर मधेच साहेब बदललेला असेल, आणि नव्याला आधीच्यानं फोनवर काय सांगितलं होतं ते ठाऊक नसेल. प्रत्येक बोलणं झाल्यावर दोन ओळींचा ईमेल टाका, आणि पुढच्या वेळी फोन लागला की नाव-गाव सांगायच्या आधी मददचा तक्रार क्रमांक सांगा.